आवाजाला पंचांग होतं

बदलापूर पूर्वेहून कोंडेश्वरच्या वाटेला लागलं की ताहुली आणि चंदेरीचे डोंगर समोर येतात. पायथ्याला जुनी गावं, उतारावर ठाकरवाड्या आणि मधल्या मोकळ्या जागेत आमच्यासारख्यांच्या वसाहती. बहुतेक जण निवृत्त, काही अजून सहा-पंचवीसची लोकल पकडणारे. परवापरवापर्यंत इथली मोठी तक्रार पाण्याच्या टँकरची होती. आता लॉनची आहे.

भाताची चार खाचरं भराव टाकून सपाट केली, त्यावर आयतं गवत अंथरलं, रस्त्याच्या तोंडाशी थर्माकोलची कमान उभी केली आणि मागं दोन जनरेटर ठेवले. सातबाऱ्यावर अजून शेतीच आहे. शेतघर म्हणून बांधलेल्या घरात वधूपक्षाच्या खोल्या निघाल्या. नोव्हेंबरात पहिलं लग्न लागलं, त्या रात्री आमच्या कपाटातल्या वाट्या आपोआप वाजल्या. आई म्हणाली, "भूकंप झाला की काय?" भूकंप नव्हता, वरात होती.

विरोध कसा करावा यावर वसाहतीत बैठका झाल्या. त्यात मुद्देसूद बोलणारे पुष्कळ होते. पण मला खरा मुद्दा सापडला तो घरातल्या आणि शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांच्या जुन्या गोष्टींत.

माझं आजोळ बदलापूर गावातलं, उल्हास नदीकडचं. आजी सांगायची की तिच्या लहानपणी रात्रीचं यंत्र म्हणजे एकच, रेल्वे. कल्याणहून खोपोलीकडची ही लाइन १८५६ ची. म्हणजे तिच्या आजीच्याही आधीपासून गाडीचा आवाज या खोऱ्यात होताच. त्याची तक्रार कुणी केली नाही, कारण तो घड्याळाच्या कामाला यायचा. शेवटची गाडी गेली की कंदील बारीक करायचे. पुढं अंबरनाथला १९२० च्या दशकात विमकोचा काडेपेटीचा कारखाना आला, नंतर ऑर्डनन्स फॅक्टरी आली आणि भोंगे आले. माझे वडील अंबरनाथलाच कारखान्यात होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणं चाळीतल्या बायका भोंग्यावर तांदूळ वैरायच्या आणि साहेबाच्या घड्याळापेक्षा भोंग्यावर जास्त विश्वास ठेवायच्या. विमको नाका आजही त्याच नावानं ओळखला जातो, भोंगा मात्र केव्हाच गेला.

डोंगराकडचा मोठा आवाज वर्षातून एकदा व्हायचा, माघ पौर्णिमेला. मलंगगडाची यात्रा. आजोबा तरुणपणी चालत जायचे, रात्रभर वाटेनं ढोल-ताशे, दिवट्या. ते गडाची एक गोष्ट फार रंगवून सांगायचे: गोरे आले, खालचा गड घेतला, पण वर चढता येईना, उलट तेच वेढ्यात अडकले. आम्ही ती थाप समजायचो. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की १७८० साली कॅप्टन ॲबिंग्टनच्या तुकडीचं जवळपास तसंच झालं होतं. खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांनी दीडशे-दोनशे वर्षं ती हकिगत सालाशिवाय जपून ठेवली होती.

लग्नांचं म्हणाल, तर आमच्याकडच्या हळदी कधीच मुक्या नव्हत्या. आगऱ्यांच्या लग्नाला बँड, बेंजो, रात्रभर नाच. त्यातच लग्नाचे धवले गाणारी धवलारीण. भटजीच्या आधी तिचा मान, आणि तिच्या धवल्यांशिवाय लग्न लागायचं नाही. आवाज पुष्कळ असायचा, पण त्याला पंचांग होतं. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय माणसांची लग्नं नाहीत. आषाढीनंतर चातुर्मास, तेव्हा खाचरात गुडघाभर चिखल, लग्नाचं नाव कोण काढणार? पितृपक्षात तर नाहीच. त्याखेरीज गावात कुणी गेलं तर पंचांगही बाजूला राहायचं. आजीच्या चुलतभावाची वरात अशीच निघाली होती. वेशीशी कळलं, अमक्या आळीत म्हातारी गेली. बँडवाल्यांनी वाद्यं खांद्यावर घेतली, नवरदेव घोड्यावरून उतरला आणि सगळी वरात ती आळी पायी, न बोलता ओलांडून गेली. बँडवाल्यांना सुपारी मात्र पूर्ण मिळाली, हेही आजी न चुकता सांगायची.

अशीच दुसरी गोष्ट उल्हासनगरची. वडिलांच्या एका सहकाऱ्याची आई, आम्ही सगळे तिला दादी म्हणायचो. फाळणीनंतर सिंधहून आलेली. युद्धकाळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती, तिच्या बराकींत या लोकांना आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं, पण दादीच्या तोंडी शेवटपर्यंत कॅम्पच. एका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये भिंत म्हणून गोणपाट. तिच्या नणंदेचं लग्न त्याच बराकीत झालं. सिंधी लग्नात बायका लाडा गातात, ढोलकीवर, मोकळ्या गळ्यानं. पण गोणपाटाच्या पलीकडे एकीचा मुलगा वाटेत हरवलेला, त्याची ती अजून वाट बघत होती. म्हणून यांनी ढोलकीवर रुमाल टाकला आणि गाणी कुजबुजत म्हटली. शेवटच्या लाड्याला ती पलीकडची बाई स्वतःच पडदा बाजूला करून आत आली आणि म्हणाली, आता मोठ्यानं म्हणा.

मला या दोन गोष्टींत कायदा दिसतो, कागदावर येण्याच्या आधीचा. आवाज कुणाचा, किती वेळ आणि शेजारी कोण आहे, हे बघून तो ठरायचा. लॉनचं पंचांग म्हणजे बुकिंगची वही. मुहूर्त संपले की संगीत, मग वाढदिवस, मग कंपनीचं स्नेहसंमेलन. आणि चातुर्मास? तोच आता खरा हंगाम. कोंडेश्वर आणि भोजकडच्या धबधब्यांवर मुंबईची गर्दी येते, बुडण्याचे प्रकार होतात म्हणून पावसाळ्यात जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. मग पाण्यावरून परतवलेली मंडळी शेतघरांत आणि लॉनवर शिरतात. पूर्वी निसर्गानं दिलेली चार महिन्यांची सुट्टी होती, तीही गेली. आणि वाजवणारे ज्यांना त्रास होतो त्यांना ओळखतच नाहीत. बारा वाजता गाड्या वळवून ठाण्याला निघून जातात.

डोंगराच्या कुशीत हा त्रास दुप्पट का होतो, याचं कारण साधं आहे. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा जड होऊन पायथ्याशी साठते, परातीत पाणी साठावं तशी, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. आवाज वर निघून जायच्या ऐवजी वाकून पुन्हा खाली येतो. मागं कातळाची भिंत असली की प्रतिध्वनी वेगळाच. म्हणून दोन किलोमीटरवरच्या ठाकरवाडीत निवेदकाचा शब्दन्‌शब्द कळतो. नेमका हाच लग्नाचा हंगाम.

त्यात एक मेख आहे. पोलिसांकडचं मोजयंत्र डेसिबल-ए या मापात आकडा दाखवतं. हे माप माणसाच्या कानाला धरून बनवलेलं, त्यामुळे खर्जाचे आवाज त्यात फार कमी धरले जातात. पन्नास हर्ट्‌झचा धडधडाट असेल तर जवळजवळ तीस डेसिबल वजा. म्हणजे छाती धडधडते, खिडक्या थरथरतात आणि हवालदार यंत्र दाखवून म्हणतो, "काका, लिमिटमध्ये आहे." तो खोटं बोलत नसतो.

तरीही नियम अगदीच दुबळे नाहीत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे दहा ते सहा. खासगी जागेतल्या यंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा फार तर ५ डेसिबल जास्त चालतो. दहानंतर लाउडस्पीकर फक्त बंदिस्त सभागृहात. उघडं लॉन हे बंदिस्त सभागृह नव्हे, तंबू ठोकला तरी नव्हे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षात पंधरा दिवसांपुरती, आणि कुणाच्या मेव्हण्याचा संगीत समारंभ त्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००५ मध्ये यावर सविस्तर निकाल दिलेला आहे.

ठाणे जिल्ह्याला या लढ्याचा अभिमान वाटावा असंही काही आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी रस्त्यावरचे मंडप आणि ध्वनिवर्धक यांविरुद्ध जनहित याचिका केली. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिच्यावर निकाल दिला. पुढच्या वर्षी प्रकरण पुन्हा पेटलं, तेव्हा राज्य सरकारनं चक्क ते ऐकणाऱ्या न्यायमूर्ती अभय ओक यांच्यावरच पक्षपाताचा आरोप केला. वकीलवर्गात गदारोळ झाला आणि सरकारला माफी मागावी लागली. आवाजाचा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो, पण त्याच्यामागं किती जणांचे हात गुंतलेले असतात हे त्यातून कळतं.

आमच्या प्रकरणाला सर्वांत जवळचं उदाहरण मात्र येऊरचं. ठाण्यात उपवन तलावावरून वर चढलं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून येऊर. वारल्यांचे पाडे, वायुदलाचं केंद्र, बिबट्यांचा वावर. तिथं हॉटेलं आली, बंगल्यांत पार्ट्या सुरू झाल्या, नंतर रात्री झगझगीत दिव्यांखाली खेळायचे टर्फ आले. पाड्यांवरचे आदिवासी आणि शहरी रहिवासी, एरवी एकमेकांशी फारसा संबंध नसलेली माणसं, या विरोधात एकत्र आली. बेकायदा टर्फचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. ५ डिसेंबर २०१६ ला राष्ट्रीय उद्यानाभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, वनखात्याची चौकी आहे, महापालिका आहे. एवढं सगळं असून येऊरकरांना झगडावं लागतं. आमच्या डोंगराला राष्ट्रीय उद्यानाचं कवच नाही. माथेरानचा परिसर २००३ साली असाच संवेदनशील जाहीर झालेला आहे. त्याची हद्द आमच्या कुठल्या गट नंबरापर्यंत येते, हे बघायला आमची मंडळी आता नकाशा मागायला निघाली आहेत. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

गावातली अडचण वेगळी. ज्यानं जमीन दिली तो कुणाचा तरी पुतण्या. लॉनवर पार्किंगला, वाढप्यांत, भांडी घासायला गावातलीच पोरं आणि ठाकरवाडीच्या बायका. एका ठाकर बुवांना मी विचारलं, तुम्ही तक्रारअर्जावर सही करणार का? म्हणाले, "सुनेला रात्रीचे पाचशे मिळतात. आवाजानं नातू उठतो तेव्हा ती घरी नसते, मीच असतो. सही मी करतो, तिचं नाव नको." हे ऐकल्यावर वसाहतीतल्या आमच्या लोकांचं "शांतता हवी म्हणून तर इथं बंगला घेतला" हे वाक्य मला जरा हलकं वाटू लागलं. २००१ मध्ये लाखाच्या आत असलेलं बदलापूर २०११ पर्यंत पावणेदोन लाखांच्या घरात गेलं, ते आम्हीच. आमच्या भरावाखालीही कुणाची तरी खाचरं आहेत. म्हणून मी लॉन बंद करा म्हणत नाही. दहाला थांबा, उघड्यावर डीजे नको, अकृषिक वापराचे कागद दाखवा आणि चातुर्मास पाळा, एवढंच म्हणतो. शेवटचं कलम कायद्यात नाही, ते माझ्या आजीचं आहे.

सही करायला घाबरणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगर-चुनाभट्टी भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं निकाल दिला. प्रकरण प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांचं होतं, पण त्यातली सूचना आपल्या कामाची आहे: तक्रार करणाऱ्याची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी आणि त्याचं नाव समोरच्याला कळू देऊ नये. भाऊबंदकीच्या गावात याहून मोठा आधार नाही.

तेव्हा दहा वाजून गेले की ११२ ला फोन लावा, वेळ लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लेखी अर्जाची पोच घ्या. तहसीलदारांकडे अकृषिक वापराची चौकशी मागा. येत्या ग्रामसभेत हा विषय आहे, वसाहतीतल्यांनी गाडी न काढता पायी यावं आणि मागं उभं न राहता बोलावं.