निरोगी मुलाची शाळा



ॲमस्टरडॅम शहराच्या दक्षिण भागात एक शाळा आहे. ती रस्त्यावरून चटकन दिसत नाही. चारी बाजूंनी राहत्या घरांच्या उंच रांगा आणि त्यांच्या मधल्या चौकात ही काचेची आणि काँक्रीटची इमारत उभी आहे. यान डाउकर नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने तिचा आराखडा केला आणि १९३० साली ती पुरी झाली. तिचे मूळ नाव मोठे चमत्कारिक आहे. मराठीत सांगायचे तर ते असे होईल : ‘निरोगी मुलांसाठी पहिली मोकळ्या हवेची शाळा’.

मोकळ्या हवेची शाळा हे समजते, पण ‘निरोगी मुलांसाठी’ हे मुद्दाम लिहावे का लागले? शाळा ही सर्वसाधारणपणे निरोगी मुलांसाठीच असते. कोणी आपल्या दुकानावर ‘धडधाकट गिऱ्हाइकांसाठी’ अशी पाटी लावीत नाही. ह्या एका विशेषणात पंचवीस वर्षांचा इतिहास दडलेला आहे. उजेड, वारा आणि झाडे ह्यांवर मुलाचा हक्क कोणत्या नात्याने आहे, रोगी म्हणून की मूल म्हणून, हा त्या इतिहासातला प्रश्न आहे आणि तो अजून सुटलेला नाही. आज वास्तुशास्त्रात ‘निसर्गस्नेही शाळागृह’ हा विषय नव्या उत्साहाने चर्चिला जातो. त्या चर्चेत शिरण्यापूर्वी हा मागचा हिशेब पाहणे हिताचे आहे.

सुरुवात जर्मनीत झाली. शार्लोटेनबुर्ग हे बर्लिनला लागून असलेले त्या वेळचे स्वतंत्र शहर. तेथील शाळांतून मुलांची तपासणी करताना डॉक्टरांना एक वर्ग सारखा आढळे. ही मुले फिकट, अशक्त, सतत सर्दी-पडशाने बेजार झालेली असत. त्यांना इस्पितळात घालावे इतकी ती आजारी नव्हती आणि भरलेल्या वर्गात दिवसभर बसावे इतकी धडही नव्हती. क्षयाची छाया सर्वांच्या डोक्यावर होती. रोबर्ट कॉख ह्यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला होता, म्हणजे शत्रू कोण ते कळले होते. पण त्याला मारणारे औषध नव्हते. स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच काय तो उपाय. श्रीमंत रोगी त्यासाठी डोंगरातल्या आरोग्यधामात जात. गरिबाच्या मुलाने कुठे जावे?

डॉ. बेर्नहार्ड बेंडिक्स हे बालरोगतज्ज्ञ आणि हेर्मान नॉयफेर्ट हे शिक्षणाधिकारी ह्या दोघांनी उत्तर काढले. शहराबाहेरच्या पाइनच्या रानात लाकडी मांडव घालून १९०४ च्या ऑगस्टात त्यांनी ‘वाल्डशूले’, म्हणजे अरण्यशाळा, सुरू केली. मुले सकाळी यावीत आणि संध्याकाळी घरी परतावीत. दिवसातून अनेक वेळा दूध आणि खाणे. दुपारी जेवण झाल्यावर आरामखुर्च्यांवर पडून सक्तीची विश्रांती. शिकवण्याचे तास नेहमीच्या शाळेहून पुष्कळ कमी, धडे आखूड, वर्ग लहान. हवा बरी असली की वर्ग झाडाखाली भरे, पाऊस आला की मांडवात.

मुलांची वजने वाढली, अंगावर रंग चढला, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित गोष्ट पुढेच होती. इतके कमी तास शिकूनही ही मुले अभ्यासात मागे पडली नाहीत. येथे खरे तर शिक्षणशास्त्राने थबकायला हवे होते. अशक्त मूल कमी वेळात तेवढेच शिकते, तर नेहमीच्या शाळेतला उरलेला वेळ जातो कुठे? पण त्या काळी हा प्रश्न मागे राहिला आणि वजनाचे आकडे पुढे आले.

कल्पना झपाट्याने पसरली. १९०७ साली लंडनमध्ये बॉस्टल वुड येथे अशी शाळा निघाली. १९०८ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स गावी एका जुन्या शाळेच्या खोलीची एक बाजू उघडून मोठ्या खिडक्यांची केली. तेथील हिवाळा हाडे गोठविणारा. मुले टोप्या-हातमोजे घालून, जाड पिशव्यांत पाय गुंडाळून, पायांशी तापवलेले दगड घेऊन पाढे म्हणत! १९२२ साली पॅरिसमध्ये ह्या शाळांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही भरली.

ह्या चळवळीने वास्तुकलेला एक नवे काम दिले. पॅरिसजवळच्या सुरेन गावी आंरी सेलिए हे नगराध्यक्ष होते. त्यांच्या पुढाकाराने बोदुएं आणि लोद्स ह्या वास्तुशिल्पज्ञांनी टेकडीच्या उतारावर १९३५ साली शाळा पुरी केली. बागेत विखुरलेले आठ सुटे वर्ग, प्रत्येकाच्या तीन भिंती काचेच्या आणि घडी करून बाजूला सारता येण्याजोग्या. घडी केली की वर्ग म्हणजे नुसते छप्पर. अशक्त मुलांना चढणे जड जाऊ नये म्हणून जिन्यांऐवजी उतरते मार्ग केले, आणि अंगणात पृथ्वीचा एक प्रचंड गोल उभारून त्याच्या भोवतीनेही तसाच मार्ग फिरवला. भूगोल शिकायचा तो पृथ्वीला प्रदक्षिणा घालून! पण तीही दुबळ्या मुलांची शाळा होती.

आता ॲमस्टरडॅमच्या त्या विशेषणाचा अर्थ ध्यानात येईल. तेथील मंडळींनी विचारले की जे आजाऱ्याला बरे करते ते निरोग्याला निरोगी का ठेवणार नाही? डाउकर ह्यांनी हा प्रश्न काँक्रीटमध्ये मांडला. त्यांनी प्रत्येक मजला चौकोनी धरून त्याचे चार भाग केले. दोन भागांत दोन वर्ग आणि त्यांच्या मधोमध, दक्षिणेकडे तोंड करून, दोघांच्या वापराची उघडी गच्ची. कोपऱ्यांत खांब नाहीत. ते बाजूंच्या मध्यावर नेले, म्हणजे कोपरा उजेडाला मोकळा. उष्णतेच्या नळ्या छतात बसवल्या, की खिडक्या उघड्या ठेवूनही मुले गारठू नयेत. शाळेला दर्शनी जागा मिळाली नाही, मिळाला तो घरांमधला चौक. पण त्यातही रान नसताना रानाचे गुण शहरात कसे आणावेत हे त्यांनी दाखवले. डाउकर १९३५ साली वारले. त्यांची शाळा मात्र पुढेही शाळा म्हणूनच चालत राहिली.

ह्यानंतरची कथा उलट्या दिशेने जाते. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ पासून आयसोनायझिड वापरात आले. क्षय गोळ्यांनी आणि सुयांनी बरा होऊ लागला. मानवजातीवर हे थोर उपकार झाले ह्यात शंका नाही. परंतु मोकळ्या हवेच्या शाळांचे प्रयोजनच संपले असे सर्वांना वाटले आणि त्या एकामागून एक बंद पडल्या. निसर्ग शाळेत आला तो औषध म्हणून. खरे औषध मिळताच त्याची रवानगी झाली. शार्लोटेनबुर्गच्या मुलांनी दिलेला दुसरा पुरावा, म्हणजे शिकण्याचा, कपाटातच राहिला.

उलटा प्रवास इतका पुढे गेला की अमेरिकेत खिडक्याच नसलेली शाळागृहे बांधली गेली. विजेचा प्रकाश आणि यंत्राने गार केलेली हवा असल्यावर खिडकी कशाला, ती तर मुलांचे लक्ष बाहेर ओढते, असा युक्तिवाद होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचविण्याचे कारण त्याला जोडले गेले.

मग प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला. स्वीडनमध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच वर्षी खिडकीच्या आणि बिनखिडकीच्या वर्गांतील सुमारे नव्वद मुलांची पाहणी केली होती. दिवसाचा उजेड न मिळालेल्या मुलांच्या शरीरातील कॉर्टिसोल ह्या द्रव्याचे ऋतुमान बिघडलेले दिसले आणि त्याचा संबंध त्यांच्या एकाग्रतेशी लागत होता. १९९९ साली कॅलिफोर्नियातील एका पाहणीत भरपूर उजेडाच्या वर्गांतील मुलांची वर्षभरातील प्रगती गणितात २० टक्के आणि वाचनात २६ टक्के अधिक वेगाने झाल्याचे आढळले. येथे सावध राहिले पाहिजे. कारण त्याच अभ्यासकांनी २००३ साली दुसऱ्या गावी पाहणी केली तेव्हा उजेडाचा परिणाम तितका स्वच्छ दिसला नाही. उलट, सूर्याची झळ आणि डोळ्यांवर येणारी तिरीप मुलांना बाधक ठरते, आणि खिडकीतून दिसणारे चांगले दृश्य उपकारक ठरते, असे निघाले. तात्पर्य, काच वाढवली की विद्या वाढते असे नाही. इंग्लंडमध्ये २०१५ साली १५३ वर्गखोल्या आणि ३,७६६ मुले पाहून काढलेला निष्कर्षही मापातला होता : मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो फरक पडतो, त्यातला सुमारे १६ टक्के वर्गखोलीच्या रचनेशी जोडता येतो. उजेड, हवा आणि उष्णता हे त्या रचनेतले मोठे भागीदार.

२०१५ सालचीच चीनमधील ग्वांगचौ येथील पाहणी मला सर्वांत बोलकी वाटते. बारा शाळांपैकी निम्म्या शाळांत सहा-सात वर्षांच्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्त उघड्यावर ठेवले. तीन वर्षांत इतर शाळांतील ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टी आली, ह्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना. ही मुले निरोगी होती. त्यांना निरोगी राहण्यासाठी आकाश हवे होते.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे उघड्यावरची शाळा रोगातून जन्मली नाही. जुन्या पंतोजींची शाळा कोणाच्या ओसरीत किंवा देवळात भरे आणि मुले धुळाक्षरे गिरवीत. त्या शाळेत छडी होती आणि घोकंपट्टीही होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण घर आणि अंगण ह्यांच्या मधली जागा शिकण्याला योग्य आहे, एवढे तिला ठाऊक होते. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात मूठभर मुले घेऊन झाडांखाली वर्ग भरवले ते डॉक्टरांच्या सल्ल्याने नव्हेत. बालपणी शाळेच्या भिंतींनी त्यांना स्वतःला कोंडले होते म्हणून. शार्लोटेनबुर्गच्या तीन वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

महाराष्ट्रातले उदाहरण ह्याहून निराळे आणि माझ्या मते अधिक मोलाचे आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम उभारले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले शाळेत येईनात, कारण कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, तर कोणाच्या पुढे गुरे. तेव्हा ह्या बायांनी मुलांना दोष दिला नाही, शाळेची जागा बदलली. मुले होती त्या अंगणात शाळा नेली, ती अंगणवाडी. गुरे चरत होती त्या कुरणात शाळा नेली, ती कुरणशाळा. धाकट्या भावंडासाठी पाळणाघर जवळ आणले. पाने, बिया, खडे, शिंपले हेच मोजण्याचे आणि ओळखण्याचे साहित्य झाले. युरोपात वास्तुशिल्पज्ञ भिंत सरकवीत होते. कोसबाडला भिंतीचा प्रश्नच मुलाच्या बाजूने विचारला गेला.

परंतु येथे एक कटू गोष्ट बोलली पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान सुखवस्तूंचे रंजन ठरेल. आपल्या देशात ‘झाडाखालची शाळा’ ह्या शब्दांचा नित्याचा अर्थ शांतिनिकेतन असा नव्हता. इमारत नाही, असा होता. पावसाळ्यात चार महिने झाड हे छप्पर होऊ शकत नाही. ज्याच्या गावी फळा नाही, संडास नाही, त्याला निसर्गाचे माहात्म्य सांगणे ही थट्टा होईल. स्वेच्छेने उघडलेली भिंत आणि मुळात न बांधलेली भिंत ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणूनच १९८७ च्या ‘खडू-फळा’ योजनेतली एक तरतूद मला आठवते. प्रत्येक प्राथमिक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या द्याव्यात, आणि त्यांना खोल पडवी असावी, असे तीत म्हटले होते. कागदावरच्या ह्या एका पडवीत मला पंतोजींची ओसरी आणि डाउकरांची गच्ची दोन्ही दिसतात. आपल्या हवेला काचेची भिंत मानवत नाही. उन्हाची तिरीप अडवून वारा आत सोडणारी पडवी मानवते. पण खर्चाला कात्री लागली की पहिली कापली जाते ती पडवीच. वर तापणारा पत्रा येतो, अंगणावर फरशी येते, झाड तोडले जाते, आणि त्याला सुधारणा हे नाव मिळते.

२०२० साली महामारी आली तेव्हा जगाला पुन्हा मोकळ्या हवेची आठवण झाली. काही देशांनी वर्ग बागांत नेले. पश्चिम बंगालने २०२२ च्या फेब्रुवारीत मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून उघड्यावर शाळा भरवल्या. आणि साथ ओसरताच मुले आत गेली. पुन्हा तेच घडले. रोग होता तोवर आकाश होते.

श्रोतेहो, इतिहासाने ह्या विषयात दोनदा एकच धडा दिला आहे. उजेड आणि वारा औषध म्हणून मागितला तर रोग संपताच तो काढून घेतला जातो. तो मागायचा असेल तर पाटीपुस्तकाप्रमाणे, शिक्षणाचे साधन म्हणून मागितला पाहिजे. तुमच्या गावी किंवा पेठेत शाळेची नवी खोली बांधली जाईल तेव्हा एवढेच विचारा : पडवी आहे का, खिडकी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे का, तिच्यातून एखादे झाड दिसते का, आणि दुपारी दोन वाजता त्या छपराखाली तुम्हाला स्वतःला तासभर बसवेल का. मुलाला हे सारे मिळण्यासाठी आधी आजारी पडावे लागू नये. ॲमस्टरडॅमच्या त्या शाळेने आपल्या नावातले विशेषण त्यासाठीच ठेवले होते.