पाळण्यावरील पहारा : बेबी मॉनिटरच्या इतिहासाचा एक विचार

गृहोपयोगी यंत्राचा इतिहास लिहिताना शोधाचे वर्ष, संशोधकाचे नाव आणि उत्तरोत्तर झालेल्या सुधारणा यांची नोंद केली की काम संपले, असे सामान्यतः मानले जाते. परंतु काही यंत्रांचा इतिहास हा वस्तुतः कुटुंबाच्या भीतीचा आणि घराच्या रचनेचा इतिहास असतो. निजलेल्या बालकाचा आवाज अथवा चित्र दुसऱ्या ठिकाणी पोहोचविणारा बेबी मॉनिटर हे अशांपैकी एक यंत्र होय. आज तो स्मार्टफोनशी जोडला गेला असून, कचेरीत बसलेल्या आईला पाळण्यातील मूल त्यावर दिसू शकते. बाहेरच्या माणसाच्या भयातून जन्मास आलेल्या या यंत्राने पुढे बाहेरच्याच माणसाला घरात वाट कशी करून दिली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या यंत्राची पूर्वअट म्हणजे बालकाची स्वतंत्र खोली. ज्या घरात पाळणा आईच्या खाटेशेजारीच असतो, तेथे त्याचे प्रयोजन फारसे उरत नाही. अमेरिकेतील सुस्थित वर्गात मुलास वेगळे निजविण्याच्या प्रथेला शास्त्राचा आधार देण्याचे प्रयत्न झाले. एमेट होल्ट या बालरोगतज्ज्ञाने १८९४ च्या आपल्या मार्गदर्शक पुस्तकात आई किंवा दाई यांच्या बिछान्यात मूल निजविण्यास विरोध केला होता. मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन याने १९२८ मध्ये तर मुलास कुरवाळणे व मांडीवर घेणे हेही शक्यतो टाळावे, असे प्रतिपादन केले. अशा रीतीने अंतर शिष्टसंमत झाले. काळजी मात्र होती तशीच राहिली.

या काळजीला भयाचे रूप एका घटनेने दिले. विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग याचा वीस महिन्यांचा मुलगा १ मार्च १९३२ च्या रात्री न्यू जर्सीतील होपवेलजवळच्या घरातून पळविला गेला. अपहरणकर्ता शिडी लावून वरच्या मजल्यावरील खोलीत शिरला, त्या वेळी मातापिता आणि दाई घरातच होती. १२ मे रोजी बालकाचा मृतदेह सापडला. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने राज्याची सीमा ओलांडून केलेले अपहरण हा संघराज्याच्या कक्षेतील गुन्हा ठरविला. माणसे घरात असूनही काहीच ऐकू आले नाही, ही गोष्ट लोकांच्या मनाला लागून राहिली.

शिकागो येथील झेनिथ रेडिओ कंपनीचा प्रमुख युजीन मॅक्डोनाल्ड यालाही आपल्या लहान मुलीची अशीच चिंता होती. त्याच्या प्रेरणेने १९३७ मध्ये ‘रेडिओ नर्स’ हे यंत्र तयार झाले. पाळण्याजवळ ‘गार्डियन इअर’ नावाचा प्रक्षेपक ठेवावयाचा आणि घरातील विजेच्या तारांतूनच आलेला ध्वनी दुसऱ्या खोलीतील ग्राहकयंत्रावर ऐकावयाचा, अशी त्याची योजना होती. ग्राहकयंत्राचे बेकेलाइटचे कवच शिल्पकार इसामू नोगुची याने घडविले. त्यात शिरोवस्त्र घेतलेल्या परिचारिकेचा आणि जपानी तलवारबाजांच्या मुखवट्याचाही भास होतो. ते शिल्प म्हणून आज संग्रहालयांत जतन केलेले आहे. यंत्र म्हणून मात्र ते फारसे यशस्वी झाले नाही, कारण बालकाच्या आवाजाबरोबर बाहेरची प्रक्षेपणेही त्यात मधूनमधून उमटत. बाहेरचे जग घरात शिरण्याचा हा पहिला प्रसंग म्हणता येईल. तथापि तेथे फक्त बाहेरचा आवाज आत येत होता.

हा प्रवाह पुढे उलटला. १९८० नंतरच्या दशकात स्वस्त बिनतारी मॉनिटर प्रचारात आले. त्यांचे ॲनालॉग संदेश कोणत्याही संकेताने बंदिस्त केलेले नसत. त्यामुळे शेजारच्या घरातील तसाच संच किंवा साधा स्कॅनर यांवर ते ऐकू येणे शक्य होते. डिजिटल पद्धतीने हा दोष बराच कमी केला. परंतु मॉनिटर इंटरनेटशी जोडला जाताच प्रश्नाचे स्वरूपच पालटले. अशा पुष्कळ यंत्रांत कॅमेऱ्यातील चित्र घरच्या वाय-फायमधून कंपनीच्या दूरस्थ सर्व्हरकडे जाते व तेथून फोनवर येते. पलीकडच्या खोलीत बसलेल्या पित्याला दिसणारे चित्रही असा दूरचा फेरा करून आलेले असू शकते. पूर्वी चोरून ऐकणाऱ्यास घराच्या जवळपास असावे लागे. आता त्या अटीची गरज उरली नाही.

याचा पुरावा लवकरच मिळाला. ट्रेंडनेट या कंपनीच्या कॅमेऱ्यांच्या प्रणालीतील दोषामुळे जानेवारी २०१२ मध्ये सुमारे ७०० कॅमेऱ्यांची चालू दृश्ये इंटरनेटवर उघडी पडली. त्यांत पाळण्यात निजलेली बालकेही होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये या कंपनीविरुद्ध कारवाई केली आणि तडजोडीनुसार वीस वर्षे, दर दोन वर्षांनी, सुरक्षिततेची त्रयस्थ तपासणी बंधनकारक केली. पुढे २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेऊन इतरांवरील हल्ल्यासाठी वापरले.

येथून कायद्याचा रोख बदललेला दिसतो. ग्राहकाने पासवर्ड बदलावा, एवढा उपदेश पुरेसा नाही, हे मान्य झाले. कॅलिफोर्नियाच्या २०१८ मधील कायद्याने निर्मात्यांवर वाजवी सुरक्षिततेची जबाबदारी टाकली; तो १ जानेवारी २०२० पासून अमलात आला. ब्रिटनच्या २०२२ मधील कायद्याखालील नियमांनी २९ एप्रिल २०२४ पासून सर्व यंत्रांना एकच सोपा पासवर्ड देण्यास मनाई केली. त्याच्या कक्षेत बेबी मॉनिटरही येतो.

या इतिहासावरून यंत्र निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. दमलेल्या आईला त्यामुळे मिळणारा विसावा खराच असतो. परंतु विसावा आणि सुरक्षितता या दोन भिन्न गोष्टी होत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ च्या आपल्या शिफारशींत, अर्भकाच्या आकस्मिक मृत्यूपासून संरक्षण म्हणून, श्वास व हृदयगती मोजणाऱ्या घरगुती यंत्रांवर विसंबू नये, असे सांगितले आहे. उलट निदान पहिले सहा महिने बालकाला मातापित्यांच्या खोलीतच, पण वेगळ्या सपाट बिछान्यावर निजवावे, असा तिचा सल्ला आहे. ज्या अंतरामुळे यंत्राची गरज उत्पन्न झाली, ते अंतरच कमी करण्याकडे शास्त्र वळले आहे, हे लक्षणीय होय.

लिंडबर्गच्या घरी चोराला शिडी आणावी लागली होती. जोडलेल्या कॅमेऱ्याला शिडी लागत नाही आणि आत आलेला माणूस गेल्यावर खिडकी उघडी राहिलेली दिसत नाही. ज्याच्यावर पहारा ठेवला जातो, त्या बालकाला मात्र आपले चित्र कोठे गेले हे विचारता येत नाही. त्याच्या वतीने हा प्रश्न विचारण्याचे कर्तव्य प्रथम मातापित्यांचे, मग निर्मात्याचे आणि अखेरीस कायद्याचे ठरते.