लेखणीचे सोबती

ग्रंथलेखन हे एकांतात करावयाचे काम आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ज्याच्या घरी तीन पिढ्यांची पोथ्यापुस्तके आहेत, त्याच्यापुरती ती खरी असेलही. परंतु ज्याच्या कुळात पूर्वी कोणी लेखणीच हाती धरली नव्हती, त्याला लिहिण्याचे धैर्य कोठून आले आणि ते कशाच्या आधारावर टिकले, हा प्रश्न निराळा आहे. संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा याच प्रश्नाचा विचार वाचकांपुढे मांडावा असे वाटले. आपल्या समाजात लिहू इच्छिणारी मुलेमुली आज घरोघर आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांना या इतिहासाचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

प्रारंभ पुण्यापासून करू. न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली तेथे मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. दुसरे १८८५ साली भरले. या दुसऱ्या सभेचे निमंत्रण रानड्यांनी जोतीराव फुले यांना अगत्याने पाठविले. जोतीरावांनी ते नाकारले. त्यांचे उत्तर त्याच वर्षी ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाले. त्याचा आशय असा की, जे लोक इतरांचे मानवी हक्क उघडपणे मान्य करीत नाहीत व आपल्या वर्तनातही आणीत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही. आमच्या दुःखांचा विचार आम्हांलाच करावा लागेल. रानड्यांचा हेतू शुद्ध होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि जोतीरावांच्या नकारामागे तीस वर्षांचा अनुभव उभा होता.

१८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एका गरीब, गरोदर कुणबी स्त्रीला जोशी ग्रहांचे भय घालून कसा लुबाडतो, हे त्यात दाखविले आहे. आणि शेवटी ते नवराबायको रात्रीच्या शाळेत शिकावयास जाण्याचा निश्चय करतात. हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीने त्याची दखल घेतली नाही. ते छापून प्रसिद्ध झाले १९७९ साली, म्हणजे लिहिल्यानंतर १२४ वर्षांनी! ज्यांच्यासाठी ते लिहिले होते, त्यांच्या चार पिढ्या मधल्या काळात येऊन गेल्या.

त्याच १८५५ सालची दुसरी हकीकत पाहा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदया’त दोन भागांत छापला गेला. ज्या मुलीच्या जातीला अक्षराचा स्पर्शही निषिद्ध मानला जात होता, तिने आपल्या लोकांचा धर्म कोणता, असा प्रश्न धर्माच्या अधिकाऱ्यांना विचारला. हे बळ तिच्या अंगी होतेच, हे निःसंशय. परंतु त्या बळाला वाट मिळाली ती शाळेमुळे. ती बोलेल ते ऐकून घेणारे गुरुजन तेथे होते, आणि तिच्याबरोबर शिकणाऱ्या मुली होत्या.

पुढे २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. समाजाच्या वाङ्मयीन कार्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली ‘दीनबंधु’ पत्र सुरू केले व नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते १८८० पासून मुंबईहून चालविले. बहुजन समाजातील लिहिणाऱ्याला स्वतःचे पत्र मिळाले. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला, तो खोलीत बसून परस्पर छापखान्यात धाडला नाही. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी तो लोकांना वाचून दाखविला. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीही तो त्यांच्या मुखातून ऐकला. ज्याचे दुःख लिहिले, त्यालाच ते ऐकवून पाहण्याची ही रीत प्रत्येक लेखकाने अनुकरण करण्याजोगी आहे.

परंतु सोबती मिळाले म्हणजे सर्व अडचणी सरल्या, असेही नाही. ‘असूड’ ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’त आली आणि पुढची छापण्याचे थांबले. जोतीरावांना याचे फार वाईट वाटले. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. परक्यांनी नाकारले ते त्यांनी सोसले होते. घरच्यांनी हात आखडता घेतला, तो घाव निराळा होता. लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी केलेले कार्य थोर आहे आणि सरकारी रोषाच्या काळात पत्र जगविणे सोपे नव्हते, हेही ध्यानी घेतले पाहिजे. तरी लेखकाचा मंडळीवर केवढा भार असतो, हे यावरून कळते.

हाच अनुभव अधिक तीव्रतेने ताराबाई शिंदे यांच्या वाट्याला आला. त्या वऱ्हाडातील बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक समाजाचे सभासद होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक विधवेला बालहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीची निंदा सुरू झाली. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. पुण्यात छापलेल्या या लहानशा पुस्तकाच्या पाचशे प्रती निघाल्या होत्या. स्त्रियांच्या माथी जे दोष मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय, असा रोखठोक सवाल त्यात होता. पुस्तकावर टीकेचा भडिमार झाला आणि सत्यशोधक मंडळींपैकी काहींनीही नाके मुरडली. जोतीरावांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्याच सहकाऱ्यांना खडे बोल सुनावले. ज्या वर्षी त्यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारले, तेच हे वर्ष. परक्या सभेला लावलेली कसोटी त्यांनी आपल्या मंडळीलाही लावली, यातच त्यांचा मोठेपणा दिसून येतो.

तथापि एकट्या जोतीरावांचा पाठिंबा पुरा पडला नाही. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. पहिले विस्मृतीत गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा उजेडात आणले. अशा समर्थ लेखणीतून आणखी काय काय उतरले असते, याचा विचार मनात आला म्हणजे मन विषण्ण होते. हे नुकसान एकट्या ताराबाईंचे नव्हे. ते सर्व मराठी वाचकांचे आहे.

१८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवा हात निकामी झाला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिला. १८९० साली ते निवर्तले आणि ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाला. शिष्यमंडळी व सावित्रीबाई भोवती नसत्या, तर ते हस्तलिखितही ‘तृतीय रत्ना’प्रमाणे बासनातच राहिले असते की काय, कोण जाणे!

१८८५ च्या पत्रात जोतीरावांनी जी स्वतंत्र वाट दाखविली, तिच्यावरून पुढे अनेकांची पावले पडली. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत दादर येथे पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटक होते अण्णाभाऊ साठे. वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या या पुत्राने शाळेचे तोंड जेमतेम पाहिले होते. मुंबईतील कामगार वस्ती हीच त्यांची शाळा, आणि १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह उभे केलेले लाल बावटा कलापथक हे त्यांचे साहित्य मंडळ. श्रोते समोर बसलेले असत, आणि पोवाडा त्यांना भिडला की नाही, हे तेथल्या तेथे कळत असे. संमेलनाच्या पुढच्याच वर्षी, १९५९ साली, त्यांची ‘फकिरा’ कादंबरी प्रसिद्ध झाली व १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

या सर्व इतिहासाचे तात्पर्य आपल्या घरापर्यंत आणले पाहिजे. मुलाने कवितांची वही लिहिली, तर ‘यातून पोट भरणार काय?’ असा प्रश्न आपण प्रथम विचारतो. मुलीने घरातल्या अन्यायाविषयी लिहिले, तर ‘लोक काय म्हणतील?’ असे म्हणून वही मिटवून ठेवतो. वह्यांतली अक्षरे कशी वाढतात आणि कशी कोमेजतात, हे मी शाळेत आयुष्यभर पाहिले आहे. आपल्या संस्थेकडे सभागृह आहे, सभासद आहेत, वर्षाकाठी निघणारी ही स्मरणिका आहे. महिन्यातून एक सायंकाळ तरुणांच्या लेखनवाचनासाठी राखून ठेवावी, मोठ्यांनी तेथे बसून शांतपणे ऐकावे, आणि पुढील स्मरणिकेत त्यांतील निवडक लेखनाला जागा द्यावी, अशी कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे. एखादे लेखन आपल्याला बोचेल. ताराबाईंचे पुस्तकही तेव्हाच्या मंडळींना बोचले होते, हे अशा वेळी आठवावे आणि वही मिटवू नये.