पाटण्याचे कुंचले, कलकत्त्याचे पक्षी

सर इलायजा इंपे हे नाव आपल्याकडे घेतले जाते ते महाराज नंदकुमाराच्या संदर्भात. १७७५ साली खोट्या दस्तऐवजाच्या आरोपावरून नंदकुमारास फाशीची शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या न्यायाविषयी कोणास ममत्व वाटण्याचे कारण नाही. परंतु याच गृहस्थांच्या कलकत्त्यातील घरी १७७७ च्या सुमारास जे काम सुरू झाले, त्याची दखल भारतीय चित्रकलेच्या इतिहासास घ्यावीच लागते.

त्यांच्या पत्नी मेरी इंपे यांस पशुपक्षी बाळगण्याचा मोठा छंद होता. आवारात जमविलेल्या या जिवांची चित्रे काढण्यासाठी बाईंनी तीन चित्रकार ठेविले: शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास. तिघेही पाटण्याचे. मुर्शिदाबादच्या नबाबीला उतरती कळा लागल्यावर दरबारी चित्रकारांची अनेक घराणी आश्रयाच्या शोधात पाटण्याकडे सरकली होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. ज्या परंपरेत जहांगीर बादशहाने उस्ताद मन्सूर यास ‘नादिर-उल-अस्र’ हा किताब दिला, त्याच परंपरेचे हे वारस. कागद मात्र विलायती, आणि मागणी नवी: पक्षी शक्य तर प्रत्यक्षाएवढाच हवा, अचूक हवा, आणि मागे बाग-महिरप काही नको.

या मागणीचे त्यांनी काय केले, ते झैनुद्दीनाच्या एका चित्रावरून कळते. विषय आपल्या अंगणातलाच, भांगपाडी मैना. ती बसली आहे बोरीच्या फांदीवर. आणि त्याच फांदीवर टसर रेशमाचे दोन पतंग, त्यांची अळी आणि कोश आहेत. बोरीचा पाला हे त्या अळीचे अन्नच. म्हणजे पक्षी, झाड आणि कीटक यांचे एकमेकांशी असलेले नाते चित्रकाराने पाहिले होते. पार्श्वभूमी कोरी ठेवूनही त्याने रान उभे केले. केवळ नमुना उतरवून घेणाऱ्याचे हे काम नव्हे.

१७८३ साली इंपे दांपत्य स्वदेशी निघाले. तोपर्यंत तीनशेहून अधिक चित्रे तयार झाली होती, आणि त्यांत बहुसंख्य पक्ष्यांची. डॉ. जॉन लॅथम या पक्षिशास्त्रज्ञाने ती अभ्यासिली. हिमालयातील मोनाल पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आज ‘इंपे’ हे नाव आहे, ते बाईंच्या सन्मानार्थ. चित्रकाराचे नाव कोणत्याही पिसाला चिकटले नाही! तरी बाईंच्या पदरी एक गोष्ट घातलीच पाहिजे: बहुतेक चित्रांच्या कोपऱ्यात फारसी अक्षरांत चित्रकाराचे नाव लिहिलेले आहे. कंपनीच्या अनेक साहेबांनी तेवढेही केले नाही.

हा नाद साहेबांपुरताच होता असेही नव्हे. आपल्या तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी (१७७७–१८३२) तेथील चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रे काढवून घेतली; त्यांतील काही रेसिडेंट राहिलेल्या बेंजामिन टोरिन यांच्याकडे विलायतेस गेली आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

इंपेबाईंचा संग्रह १८१० साली लंडनमध्ये लिलावात फुटला. मैना एकीकडे गेली, वटवाघूळ दुसरीकडे. पुष्कळशी चित्रे आता युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत आहेत. २०१९ च्या डिसेंबरात लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये कंपनीकालीन भारतीय चित्रकारांचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांतील काही पुन्हा एका छपराखाली आली आणि पाटण्याच्या त्या तिघांची नावे लोकांनी वाचली.