दगडाचा पोत आणि मार्कंड्याची भिंत

चामोर्शी तालुक्यात वैनगंगा उत्तरवाहिनी होते, तिथे मार्कंड्याची मंदिरे आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४च्या दौऱ्यात इथे आले आणि त्यांनी या शिल्पांची तुलना खजुराहोशी केली. तेव्हापासून लिहिणारे बहुतेक मूर्तींपाशीच थांबतात. मला दगडाविषयी लिहायचे आहे.

हा वालुकाश्म, चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटालाही तोच. मुख्य मंदिरावर वीज कोसळून पडझड झाली होती. अशा वास्तूत नवा दगड बसवायचा, तर जुन्याची ताकद कळायला हवी. ती मोजण्याची रूढ रीत म्हणजे दगडातून दंडगोल कापून यंत्राखाली फोडणे. हजार वर्षांच्या खांबाला ती कोण लावणार? मग उरतो पोत.

पोत वाचण्याची विद्या जुनी आहे. वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावर १८७७मध्ये अहवाल लिहिणाऱ्या थिओडोर ह्यूजेस यांचा भर हातोडी आणि डोळ्यांवर होता. त्याआधीच, १८५८मध्ये, इंग्लंडच्या हेन्री सॉर्बी यांनी दगडाचा कागदाहून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याचे महत्त्व दाखवून दिले होते.

खरी कलाटणी १९७३ची. रॉबर्ट हॅरॅलिक, के. शन्मुगम आणि डिनस्टाइन यांनी पोत आकड्यांत मांडला. चित्रातला प्रत्येक ठिपका किती करडा आणि त्याच्या शेजारचा किती, अशा जोड्या मोजायच्या. एकसारख्या रंगाच्या जोड्या जास्त निघाल्या तर पोत गुळगुळीत. फरक मोठे निघाले तर खडबडीत. त्यावरून त्यांनी १४ मापे काढली. गंमत अशी, की त्यांच्या पहिल्या नमुन्यांत पाच प्रकारच्या वालुकाश्मांची सूक्ष्मचित्रेच होती आणि ८९ टक्के वेळा ओळख बरोबर ठरली.

पण ही ओळख जातीची, ताकदीची नव्हे. ताकदीचा अंदाज नंतरच्या अभ्यासकांनी बांधला, आणि इथे मी सावध होतो. वालुकाश्माचे बळ कणांपेक्षा त्यांना सांधणाऱ्या द्रव्यात असते. सिलिकाने सांधलेला दगड टणक; मातीने सांधलेला पावसात भिजला की हळवा होतो. फोटोत दोन्ही सारखेच दिसू शकतात. शिवाय भिंतीचा फोटो म्हणजे आधी शेवाळाचा, पुटाचा, छिन्नीच्या खुणांचा फोटो.

म्हणून आधी त्याच थराच्या खाणीतले तुकडे घ्यावेत: कोरडे आणि भिजवलेले, दोन्ही. त्यांचे फोटो काढावेत, मग ते फोडावेत. पोत आणि ताकद यांचा मेळ तिथे बसला, तरच कॅमेरा मंदिराकडे वळवावा. तोही पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, त्याच चिऱ्यावर.