निजामाचा मुलूख, पण निजामाचा रुपया चालत नाही!

आपल्या वऱ्हाडचा इतिहास शाळेत कधी धड शिकवलाच नाही, त्यामुळे ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. कागदोपत्री वऱ्हाड निजामाचा होता. 1853 च्या तहात तो इंग्रजांकडे कारभाराला गेला आणि 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिला गेला. तरी मालकी निजामाचीच. 1936 नंतर तर त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबसुद्धा मिळाला. म्हणजे आपला नांदुरा, मलकापूर, खामगाव हा सगळा पट्टा ज्याच्या मालकीचा, त्याच निजामाचा रुपया इथल्या बाजारात सरळ चालत नव्हता. इथं चालायचा तो इंग्रजांचा 'कलदार'.

कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. आणि हैदराबादचा तो 'हाली', म्हणजे सध्या चालू असलेला. नाव असं ठेवावं लागलं त्यालाही कारण आहे. संस्थानात त्याआधी इतके प्रकारचे रुपये होते की आज कुठला चालू आहे हे सांगावं लागायचं. सावकारांच्या हातात टाकसाळी होत्या. 1840 च्या आगेमागे पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकारांच्या पेढीकडे वऱ्हाडच्या वसुलाचा मोठा भाग कर्जापोटी गहाण होता. औरंगाबादच्या टाकसाळीतून निघालेल्या त्यांच्या रुपयाला लोक 'पेस्तनशाही' म्हणत. राजाचं नाणं सावकाराच्या नावानं ओळखलं जातं, यावरून त्या राज्याच्या तिजोरीची कळा समजून घ्या.

पुढं हैदराबादनेही यंत्रावर सुबक नाणी पाडली, त्यावर चारमिनार आला. पण चांदी कमीच राहिली. कलदार साधारण 11.66 ग्रॅमचा, हाली 11.18 ग्रॅमचा, आणि त्यातली चांदीही हलक्या कसाची. शेवटी जो सरकारी भाव स्थिरावला तो असा : 100 कलदार म्हणजे 116 हाली रुपये 10 आणे 8 पै. सोपं करून सांगायचं तर 7 हाली बरोबर 6 कलदार. चांदीचा हिशेब केला तरी जवळपास हाच आकडा येतो, म्हणजे भाव खोटा नव्हता.

खोट होती ती भावाच्या अंमलात. जाफ्राबाद, भोकरदन, जालना हे निजामाकडे. धाड, देऊळगाव राजा, चिखली हे आपल्याकडे. मधे करोडगिरीचा नाका. पण सोयरिकी, बैलबाजार, यात्रा, मजुरी सगळं दोन्हीकडे. आता एखादी बाई 5 हाली रुपये गाठीला बांधून इकडं आली तर तिला कलदारात मिळायला हवेत 4 रुपये 4 आणे आणि वर जवळपास 7 पै. हा भागाकार बाजारात उभ्या उभ्या कोण करणार? सराफ करणार. आणि सराफ तो फुकट करत नाही. त्याचं नाव बट्टा. 'नावाला बट्टा लागला' असं आपण आजही म्हणतो ना, तो शब्द नाण्याच्या बाजारातलाच. नाणं खोटं नाही, चोरीचं नाही, फक्त वेशीच्या दुसऱ्या बाजूचं आहे, एवढ्यासाठी त्याची किंमत कमी होते. आणि ती ज्याच्या हातात शेवटी उरतं त्याच्याच खिशातून जाते. मोठ्या अडत्याची दोन्हीकडे खाती होती. त्याला फरक पडत नव्हता.

निजामाने 1918 मध्ये कायदा करून कागदी नोटाही काढल्या. इतक्या मोठ्या प्रमाणावर स्वतःच्या नोटा चालवणारं दुसरं संस्थान नव्हतं. त्या नोटांवर उर्दूबरोबर तेलुगू, कन्नड आणि चक्क मराठीतही रक्कम लिहिलेली असे. सुरुवातीला विलायतेत आणि पुढं आपल्याच नाशिकच्या छापखान्यात त्या छापल्या जात. म्हणजे बघा भाऊ, नोट नाशिकला छापलेली, आकडा मराठीत लिहिलेला, मुलूख निजामाच्या मालकीचा, आणि तरीही ती दाखवली की दुकानदार भाव विचारणार!

हा प्रकार काही आपल्यापुरताच नाही. ज्या इंग्रजांनी इथं कलदार चालवला त्यांच्या घरात आजही हेच चालू आहे. स्कॉटलंडमध्ये तीन व्यापारी बँका स्वतःच्या पौंडाच्या नोटा छापतात. किंमत इंग्लंडच्या नोटेएवढीच, पैचा फरक नाही. पाठीमागे तारणही पक्कं : तेवढ्या रकमेसाठी बँक ऑफ इंग्लंडमध्ये 10 लाख आणि 10 कोटी पौंडांच्या खास नोटा ठेवलेल्या असतात. या नोटांचा स्कॉटिश लोकांना अभिमानही मोठा. 1826 मध्ये लंडन सरकार लहान नोटा बंद करायला निघालं तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने टोपणनावाने पत्रं लिहून रान उठवलं आणि सरकारला माघार घ्यावी लागली. आज तोच स्कॉट नोटेवर आहे. पण ती नोट घेऊन लंडनच्या एखाद्या दुकानात गेलात तर दुकानदार उलटसुलट करून बघतो आणि नको म्हणतो. तिथल्या कायद्यानं त्याला तसं म्हणताही येतं. गंमत अशी की ही नोट खुद्द स्कॉटलंडमध्येही कायद्याच्या काटेकोर अर्थानं 'कायदेशीर चलन' नाही. तिथं ती बिनधास्त चालते, कारण पुढचा घेईल याची प्रत्येकाला खात्री आहे. लंडनच्या दुकानदाराला ती खात्री नाही, एवढाच फरक.

आपल्याकडे हाली-कलदारचा प्रश्न शेवटी थेट राजकारणात गेला. 1947 च्या नोव्हेंबर अखेरीस भारत आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच निजाम सरकारने वटहुकूम काढला : भारतीय रुपया हैदराबादेत कायदेशीर चलन नाही. पाकिस्तानला 20 कोटींचं कर्ज देण्याचा प्रकारही त्याच सुमाराचा. दिल्लीने हा कराराचा भंग मानला. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईची कारणं मोजताना आपण रझाकारांचं नाव घेतो, ते बरोबरच आहे. पण चलनाचा हा वटहुकूम विसरतो. ज्याची रोजची मजुरी आणि बाजारहाट वेशीपलीकडे होती त्याच्यावर तो हुकूम थेट येऊन आदळला होता.

संस्थान भारतात आलं, तरी हाली एका रात्रीत संपला नाही. 1950 पासून भारतीय रुपया त्याच्या शेजारी आणला गेला, 7 ला 6 हाच भाव कायम ठेवून. नवे हाली पाडणं थांबलं, जुने हळूहळू मागे घेतले गेले. ते पूर्ण बाद व्हायला 1959 उजाडलं. मला यात शहाणपण दिसतं. लोकांना बदलून घ्यायला वर्षं दिली.

आता आजचं बघा. आज वेस नाही, नाका नाही, एकच रिझर्व्ह बँक. तरी विदर्भात दहाचं नाणं पुढं केलं की अजून कित्येक ठिकाणी उत्तर येतं, 'हे नाही चालत.' का चालत नाही? चिन्ह नाही, पाकळ्या कमी आहेत, बंद झालं म्हणे. रिझर्व्ह बँकेने 17 जानेवारी 2018 ला स्पष्ट सांगितलं की दहाच्या नाण्याचे 14 प्रकार आहेत आणि चौदाही चालू आहेत. त्याआधी 2016 मध्येही सांगितलं होतं. 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे 1000 रुपयांपर्यंतची रक्कम रुपयांच्या नाण्यांत फेडता येते. अधूनमधून कुठला तरी अधिकारी गुन्हा दाखल करण्याचा इशारा देतो, आम्ही ती बातमी छापतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी बाजारात विचारत फिरलोय. भाजीवाली नाणं नाकारते, कारण ठोकवाला घेत नाही. ठोकवाला म्हणतो, बँकेत भरायला गेलं की मोजायला माणूस नाही, उद्या या. खरी अडचण या शेवटच्या खिडकीशी आहे, आणि शिव्या खाते भाजीवाली. अफवेला दोष देऊन बँकांना मोकळं सोडणं मला पटत नाही. 1950 नंतर हालीला ठरलेला भाव आणि बदलायला वेळ मिळाला म्हणून तो निमूट संपला. इथं तर बदलून घ्यायचंही काही नाही, फक्त मोजून घ्यायचं आहे. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक शाखेत नाण्यांसाठी एक खिडकी उघडी ठेवली तर महिनाभरात फरक दिसेल. तोवर आपल्याकडे लोक पुण्याला निघालेल्या पोराच्या हातात दहाच्या नाण्यांची पुरचुंडी देतात, 'तिकडं चालते, खर्चून टाक.'

जाता जाता एक विनंती. धाड, देऊळगाव राजा, जाफ्राबाद भागात कुणाच्या घरी आजोबांच्या जुन्या खतावण्या असतील, ज्यात हाली आणि कलदार असा हिशेब वेगळा मांडलेला आहे, तर कृपया रद्दीत घालू नका. एका पानाचा फोटो काढून मला पाठवा.