बाटलीतला पाऊस आणि तीन विद्यापीठे

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. विद्यापीठाची पायरी कधी चढलो नाही. त्यामुळेच की काय, मोठमोठी विद्यापीठे एकमेकांना हात देऊन काम करतात असे वाचले की मला भारी अप्रूप वाटते. त्यातलीच ही एक हकिगत.

१९५२ चा जून महिना. डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला, पाऊस लागला होता. विली डान्सगार्ड नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने घरच्या बागेत बिअरच्या रिकाम्या बाटलीवर नरसाळे बसवले आणि तो पाऊस साठवला. पाण्यातला थोडासा प्राणवायू जड जातीचा असतो. ढग जितका थंड, तितका पावसात हा जड प्राणवायू कमी, असे त्यांना मोजणीत आढळले. मग मनात आले, ग्रीनलंडमध्ये हजारो वर्षांचा बर्फ थरावर थर साचला आहे. जुन्या हवामानाची ती वहीच नव्हे काय?

वही खरी, पण उघडायची कोणी? अमेरिकन लष्कराने ग्रीनलंडच्या बर्फात कॅम्प सेंच्युरी नावाचा तळ खोदला होता. तिथे १९६६ साली बर्फाला थेट खडकापर्यंत, सुमारे १३९० मीटर भोक पाडून आतला बर्फ दांड्यादांड्यांनी वर काढण्यात आला. त्याच्या अभ्यासाची धुरा चेस्टर लँगवे यांच्याकडे होती. डान्सगार्डनी बर्फ मागितला, लँगवेंनी दिला. त्यात सुमारे एक लाख वर्षांचा इतिहास निघाला. हिमयुगात हवामानाने अचानक मारलेल्या उड्याही दिसल्या.

पण एकाच भोकावर भरवसा कसा ठेवावा? तेव्हा कोपनहेगन, स्वित्झर्लंडमधले बर्न आणि लँगवे पुढे जिथे प्राध्यापक झाले ते अमेरिकेतले बफेलो, अशी तीन विद्यापीठे एकत्र आली. सुमारे १४०० किलोमीटर दूर, दक्षिण ग्रीनलंडमधल्या डाय-३ या रडारच्या ठाण्यापाशी त्यांनी १९८१ साली २०३७ मीटरवर तळ गाठला. कोपनहेगनच्या मंडळींनी त्या बर्फातून जुनी थंडी मोजली. बर्नच्या हान्स ओश्गर यांच्या मंडळींनी बुडबुड्यांत कोंडलेली जुनी हवा. आणि उड्या त्याच निघाल्या! हवामान काही दशकांत कूस बदलू शकते, ही गोष्ट मग हसण्यावारी नेता येईना.

त्या उड्यांना आज डान्सगार्ड आणि ओश्गर या दोघांचे नाव आहे. ज्यांनी आपल्याकडचा बर्फ दुसऱ्याच्या हाती दिला, ते लँगवे त्या नावात नाहीत. वर्गात ही गोष्ट सांगताना मी मात्र फळ्यावर तिन्ही नावे लिहितो.